बारा तवे, तीन फेज

हॉलमध्ये बारा शेगड्या होत्या, बारा सपाट बुडाचे तवे, लांब भिंतीवर एका ओळीत बारा प्लग, ज्वारीच्या पिठाची चार पोती आणि नऊ बायका. गॅसचा सिलिंडर एकही नव्हता. दाराजवळच्या लोखंडी पेटीत तीन बटणं होती आणि प्रत्येकावर रंगीत चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला होता. लाल, पिवळा, निळा. सकाळी सात वाजून अकरा मिनिटांनी त्यातलं लाल बटण खटकन खाली पडलं आणि ओळीतल्या पहिल्या चार शेगड्या विझल्या.

"गेली बघा," सुगला म्हणाली. "भाकरी अर्धी फुगली की हिला झोप येती."

कुणी हसलं नाही. त्या सकाळी हे तिसऱ्यांदा होत होतं. मी वहीत वेळ लिहून ठेवली. आधीच्या दोन वेळा त्याच्या वर होत्या. बटण वर केल्यापासून पडेपर्यंत पहिल्यांदा बारा मिनिटं, मग दहा, मग अकरा.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. तेव्हा मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले होते आणि निकाल लागून तीन आठवडे झाले होते. घरी बसून भिंतीकडं बघतेस त्यापेक्षा चल पीठ चाळायला, असं म्हणून आईनं मला हॉलवर आणलं होतं. आईचं नाव शिवगंगा. सोलापुरात कडक भाकरी करणाऱ्या बायकांच्या या गटात ती अकरा वर्षं होती.

गटाचं जुनं पत्र्याचं शेड रस्त्यात गेलं. वस्तीच्या समितीनं नव्या इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा हॉल देऊ केला, पण वर गॅस चढवायचा नाही, ही अट घातली. मग गटानं बारा इंडक्शन शेगड्या घेतल्या, खोलगट बुडाचे जुने तवे खिळ्यांना टांगून ठेवले आणि नवे आणले. परवा अकरा वाजता समितीचे साहेब येणार होते. सगळे तवे पूर्ण एक तास न थांबता चालले तर हॉल गटाचा, नाही तर यादीतल्या पुढच्या शिवणकामवाल्या गटाचा. भाकऱ्या करायला दुसरी जागा आमच्याकडं नव्हती.

गटाच्या प्रमुख महानंदाअक्का ओळीच्या शेवटच्या टोकाला बसत. साठीच्या, अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि वायरमनला बोलवायला सांगितलं.

इस्माईल नदाफ आले. वायरिंग त्यांनीच केलेलं. सगळ्या बायका त्यांना चाचा म्हणत. त्यांनी पेटी उघडली, हाताची मागची बाजू तारांच्या जवळ नेली आणि मान हलवली.

"लाल तापलालीय," ते म्हणाले.

"मग मोठं बटण बसव की," अक्का म्हणाल्या. "पंचवीसचं हाय ना? चाळीसचं बसव."

"अक्का, हे बटण तुमच्या शेगडीची राखण करत न्हाई. भिंतीतल्या तारेची करतंय. मोठं बसवलं तर बटण पडणार न्हाई, तार जळंल. आन ती जळलेली दिसायची बी न्हाई."

अक्कांनी फडकं पुन्हा उचललं. जाळ दिसत नाही त्याला शेगडी काय म्हणायचं, हे त्या पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या. आता न दिसणाऱ्या जाळाची त्यात भर पडली.

चाचांनी हिशोब आमच्यासमोर पुन्हा मांडला. प्लग बारा, फेज तीन, म्हणजे एकेका फेजवर चार. पहिले चार लालवर, मधले चार पिवळ्यावर, शेवटचे चार निळ्यावर. अक्कांना त्यांनी वायरिंगच्या आधी विचारलं होतं, की शेगड्या सगळ्या सारख्याच ना. अक्का म्हणाल्या होत्या, सगळ्या सारख्या.

अक्का खोटं बोलल्या नव्हत्या. शेगड्या एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या होत्या. पण मी दोन दिवस त्या ओळीसमोर बसून पीठ चाळत होते, आणि सारख्या शेगड्यांवर सारखं काम होत नव्हतं.

कडक भाकरीची दोन कामं असतात. आधी ती इतर कुठल्याही भाकरीसारखी थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची. त्याला मोठी आच लागते. मग ती दुसऱ्या तव्यावर जाते. तिथं मंद आचेवर घडी घातलेल्या फडक्यानं दाबत दाबत तिच्यातलं पाणी काढायचं, डाग पडू न देता, टिचकी मारल्यावर ती खापरासारखी वाजेपर्यंत. आमच्या गटात ओळीतले पहिले सहा तवे मऊ भाकरीचे होते आणि पुढचे सहा कडकचे. भाकरी डावीकडून उजवीकडं जाई. मऊ बाजूला सहा जणी बसत, माझी आई त्यांच्यात दुसरी. कडक बाजूला दोघीच, अक्का आणि बसम्मा, दोघी तीन-तीन तवे सांभाळत. नववी सुगला मोजून बांधत असे.

मी चाचांना विचारलं, टंग टेस्टर आहे का. तारेभोवती चिमट्यासारखं धरलं की आतला करंट सांगणारं ते यंत्र त्यांच्या पिशवीत होतं, पण त्याची बॅटरी संपून वर्ष झालं होतं. हातानं कळतंय की, असं त्यांचं म्हणणं. मी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून पाहिला, तो बसला नाही. शेवटी सुगला खाली जाऊन दुकानातून चौकोनी बॅटरी घेऊन आली.

बारा शेगड्या पुन्हा चालू केल्या. चाचांनी मला पेटीला हात लावू दिला नाही. चिमटा त्यांनी धरला, आकडे मी वाचले. लाल चौतीस पूर्णांक सहा अँपिअर. पिवळा एकवीस पूर्णांक नऊ. निळा आठ पूर्णांक आठ.

"निळा तर रिकामाच बसलाय," चाचा म्हणाले.

मग त्यांनी चिमटा चौथ्या, काळ्या तारेवर धरला. बावीस पूर्णांक तीन.

आई पिठाचे हात तसेच घेऊन मागं उभी होती. "ही काळी कशाला?" तिनं विचारलं.

"ही न्यूट्रल," मी सांगितलं. "तीन रंगीत तारांतून वीज येते. त्या तिघींत जेवढा फरक असेल तेवढी या काळीतून परत जाते. तिघी अगदी सारख्या चालल्या तर काळीत काही उरत नाही."

"म्हंजे तिघी जावा सारख्या वागल्या तर सासूला काम न्हाई," सुगला म्हणाली.

या वेळी सगळ्या हसल्या, अक्का सोडून. तेवढ्यात लाल बटण पडलं. बारा मिनिटं.

दुपारभर आम्ही उपाय शोधत होतो. मऊ बाजूच्या शेगड्या दोन हजारवरून चौदाशे वॅटवर आणल्या. बटण पडलं नाही, पण भाकरी फुगलीही नाही. सुगलानं ती उचलून उजेडात धरली आणि हिला भाकरी म्हटलं तर ज्वारी कोर्टात जाईल, असं सांगितलं. लालवरच्या दोन शेगड्यांना लांब वायर लावून निळ्या प्लगवर न्याव्यात, असं बसम्मानं सुचवलं. ओल्या फरशीवरून वायर ओढायची असेल तर मी घरी चाललो, असं चाचा म्हणाले. तारा बदलून शेजारी शेजारी वेगळे फेज द्यायचे तर भिंतीतल्या नळ्या भरलेल्या होत्या. फोडून पुन्हा ओढायला आठ दिवस लागणार.

संध्याकाळी मी घरी वहीत हिशोब करत बसले. मऊच्या सहा शेगड्या दोन-दोन किलोवॅटच्या, कडकच्या सहा अर्ध्या-अर्ध्या, एकूण जोर पंधरा किलोवॅट निघाला. मंजूर वीस होता. वीज कमी नव्हतीच. ती एका अंगाला पडत होती, इतकंच. तारा हलणार नसतील तर माणसं हलायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फरशीवर पीठ भुरभुरून तीन चौकोन काढले आणि सगळ्यांना सांगितलं. लांब ओळ मोडायची. लालच्या चार प्लगवर दोन मऊ तवे, दोन कडक. पिवळ्यावर तसंच. निळ्यावर तसंच. भाकरी हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला जाणार नाही, ज्या चौकोनात थापली त्याच चौकोनात कडक होईल. प्रत्येक फेजवर पाच किलोवॅट, म्हणजे बावीस अँपिअरच्या आत, आणि बटण पंचवीसचं.

चाचांनी चौकोनांवरून बोट फिरवत प्लग मोजले. "बराबर हाय," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं असतं कोण किती जाळतंय, तर मी हेच केलं असतं."

अक्का फरशीकडं बघत नव्हत्या. "कडक करणाऱ्या दोघी," त्या म्हणाल्या. "मी आन बसम्मा. तिसऱ्या चौकोनात कोण?"



हा प्रश्न येणार हे मला रात्रीच कळलं होतं. दोनच चौकोन करून पाहिले होते, वहीत. एकेका फेजवर सहा तवे येत होते, प्लग चारच, आणि जोर साडेसात किलोवॅट, तेहतीस अँपिअर. बटण पडणारच. तिसरी हवी होती, आणि तिसरी नव्हती. का नव्हती, हे गटात सगळ्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी एका नव्या बाईनं कडक केलेल्या पाचशे भाकऱ्या पुण्याला गेल्या आणि आठव्या दिवशी बुरशी लागून परत आल्या. गटाचं नाव पार धुळीला मिळालं, ते वर आणायला अक्कांना दीड वर्ष लागलं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की कडकच्या तव्याला तिसरा हात लागणार नाही. तेव्हापासून लागला नव्हता.

"आम्ही शिकतो की अक्का," मऊ बाजूची एक जण म्हणाली.

"उद्या साहेब येणार, आज शिकतीस?" अक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आज वाजंल ती. छान वाजंल. कडक भाकरी आज कळत न्हाई गं. आठ दिवसांनी कळती. माझ्याकडं आठ दिवस कुठं हायत?"

  मी हिशोब बरोबर केला होता आणि तो एका माणसावर अडला होता.

तेव्हा आई बोलली. ती अक्कांशी बोलली नाही, माझ्याशी बोलली.

"विजू, कोल्हापूरला हॉस्टेलवर मी डबा पाठवायची. त्यातल्या भाकरी किती दिवस टिकायच्या?"

"महिनाभर," मी म्हटलं. "पुढचा डबा येईपर्यंत."

"नीट सांग. अक्काला अंदाज चालत न्हाई."

मला नीट सांगता येत होतं. डब्यात तीस भाकऱ्या असत. मी रोज एक खायची आणि झाकणाच्या आत पेन्सिलीनं रेघ मारायची, कारण शेजारच्या खाटेवरची मुलगी चोरून खायची. सुट्टीचे महिने सोडून तीन वर्षांत सत्तावीस डबे आले. मी मनात गुणाकार केला.

"आठशे दहा भाकऱ्या. चार वाटेत मोडल्या होत्या. बुरशी एकीलाही नव्हती."

"पावसाळ्यात?" अक्कांनी विचारलं.

"पावसाळ्यातही. तिकडं जुलैत उशीसुद्धा ओली लागायची. तिसाव्या दिवसाची भाकरी मी चहात बुडवून खायची, ती वाजायची."

"वाजणारच," अक्का म्हणाल्या. "माझ्या हातच्या होत्या त्या."

मलाही तसंच वाटत होतं. तीन वर्षं तसंच वाटत होतं. डबा आला की आईचा फोन यायचा, गटातल्या भाकरी पाठवल्यात, जपून खा.

आईनं पिठाचे हात पदराला पुसले. "न्हाई अक्का," ती म्हणाली. "गटातल्या भाकरीला हात लावायचा नव्हता मला. रविवारी घरी करायची. तुम्ही दाबताना फडक्याचा आवाज येतो ना, आधी चर्र, मग नुसता फस्स, मग काहीच न्हाई. अकरा वर्षं तुमच्याकडं पाठ करून बसले. आवाज तर येतच होता."

 बसम्मानं तोंडाला पदर लावला. मी आईकडं पाहिलं नाही, कारण तेव्हा माझ्याकडं पाहिलेलं तिला आवडलं नसतं.

"बस," अक्का म्हणाल्या.

आई कडकच्या तव्यापुढं बसली. सुगलानं एक मऊ भाकरी तिच्यापुढं टाकली. आईनं फडक्याची घडी घातली आणि दाबायला लागली, कडेपासून आत, मग पुन्हा कडेला. चर्र. खूप वेळ चर्र. मग फस्स. मग ती थांबली, भाकरी उलटली आणि पुन्हा दाबली. चाचासुद्धा पेटी सोडून बघत उभे होते.

अक्कांनी भाकरी हातात घेतली. टिचकी मारली. कानाशी नेऊन पुन्हा मारली. मधोमध मोडली आणि मोडलेली कड उजेडात धरली.

"फडकं फार मोठं घेतीस," त्या म्हणाल्या. "चौपदरी कर." आणि मग फरशीवरच्या पिठाच्या चौकोनांकडं बोट केलं. "ती निळ्यावर बसंल. तिच्या मऊ तव्यावर सुगला. उचला शेगड्या."

त्या दिवशी दुपारी आम्ही तीन वेळा बसून पाहिलं. बटण पडलं नाही, पण तास पुरा झाला नाही, कारण पिठाचं पाणी संपलं, मग एकीचं बाळ उठलं, मग साहेबांना बसायला खुर्ची नाही हे सुगलाच्या लक्षात आलं.  रात्री आई घरी चौपदरी फडकं शिवत बसली.

साहेब अकराला पाच कमी असताना आले. गटानं दिलेल्या खुर्चीत बसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. सुगलानं त्यांना सांगितलं, की चहा मिळेल, पण तोही याच विजेवर झालेला आणि आपल्या वाट्याच्या वेळेत, म्हणजे तास संपल्यावर. साहेब हसले. अक्कांनी मान हलवली आणि बारा शेगड्या चालू झाल्या.

पहिली दहा मिनिटं थापण्याचा आवाज होता. अकराव्या मिनिटाला तो हळूहळू कमी झाला. कुणी थांबलं नव्हतं, पण सगळ्या जणी पेटीकडं कान देऊन थापत होत्या. बारा. तेरा. चौदाव्या मिनिटाला बसम्मानं मोठ्यानं श्वास सोडला आणि साहेबांनी विचारलं, काय झालं. काही नाही, ती म्हणाली, भाकरी फुगली.

अडचण आली ती विसाव्या मिनिटाला, आणि ती तारेत नव्हती. निळ्या चौकोनातल्या दोघी वर्षानुवर्षं भाकरी अक्कांकडं पाठवत आल्या होत्या. हाताला दुसरी वाट ठाऊक नव्हती. एकीनं नकळत आपली भाकरी उचलली आणि हॉल ओलांडून अक्कांच्या लाल चौकोनात नेऊन ठेवली. दुसरीनंही तेच केलं. पुन्हा पहिलीनं. अक्कांच्या बाजूला भाकऱ्यांचा ढीग चढायला लागला. पलीकडं माझ्या आईचे दोन तवे रिकामे झाले. ती हात मांडीवर घेऊन बसली. मी काही म्हणू शकत नव्हते. साहेब पाहत होते. ढीग वाढला तर अक्कांना तिसरा तवा लागणार होता, मग चौथा, आणि सगळी ओळ पुन्हा जिथल्या तिथं येणार होती.

चौथी भाकरी घेऊन दुसरी बाई अक्कांपुढं वाकली. अक्कांनी वर पाहिलं नाही. हातातलं फडकं फिरवत म्हणाल्या,

"इकडं कशाला आणलालीस? तिकडं कडक करणारी बसलीय. शिवगंगाकडं दे."

ती बाई वळली. जाता जाता तिनं अक्कांजवळच्या ढिगातल्या तीन भाकऱ्याही उचलून नेल्या. आईनं पहिली तव्यावर टाकली, फडकं चौपदरी केलं आणि दाबलं. हॉलमध्ये आता तीन ठिकाणांहून तो आवाज येत होता. चर्र, मग फस्स, मग काहीच नाही. त्यानंतर एकही भाकरी हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला गेली नाही.

साठाव्या मिनिटाला साहेबांनी घड्याळ उचललं. सुगलानं एकशे छप्पन्न भाकऱ्या मोजल्या. साहेबांनी कागदावर सही केली, निघताना दोन भाकऱ्या मागून घेतल्या, आणि कुणाच्या हातच्या आहेत हे विचारलं. अक्का म्हणाल्या, गटाच्या.

शेगड्या बंद करण्याआधी चाचांनी मला हाक मारली. पेटीचं झाकण उघडलं, आणि या वेळी चिमटा माझ्या हातात दिला. ते बाजूला उभे राहिले. मी तारा एकेक करून मोजल्या आणि वहीत लिहिल्या.

लाल : २१.६.
पिवळा : २१.९.
निळा : २१.४.
काळी तार : ०.४ अँपिअर.